मधली झडप

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडचा नळ वाजला नाही, तेव्हाच बर्नाडीनने कान टवकारले.

सात वर्षं ती थोरल्या बहिणीशी बोलत नव्हती. पण तिचा नळ मात्र रोज ऐकत होती. घर तसं एकच. खाणीच्या कंपनीने कामगारांसाठी बांधलेलं, मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडांना दिलेलं. खाणी मिटल्या, कंपनी गेली, घरं तेवढी राहिली. बापाने दोन्ही अर्धी विकत घेतली आणि मरताना एकेकीला एकेक दिलं. डावीकडे बर्नाडीन, उजवीकडे टेक्ला. टेक्लाने पहाटे नळ सोडला की भिंतीतला जुना पाइप म्हातारं कुत्रं गुरगुरावं तसा गुरगुरायचा. मग किटली, मग रेडिओवरची प्रार्थना. टेक्लाला खोकला झाला की झोपमोड बर्नाडीनची व्हायची. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या स्टशला विचारायची, "पलीकडच्या घरात कुणी आजारी आहे का रे?"

"पलीकडच्या घरात तुझी बहीण आहे," स्टश म्हणायचा. "हात लांब केलास तर दाराची कडी लागते. विचार की जाऊन."

"मी आपलं सहज विचारलं."

"सहजच मरणार तुम्ही दोघी एक दिवस."

त्या मंगळवारी बर्नाडीन कॉफीचा कप हातात धरून भिंतीला कान लावून उभी राहिली. कॉफी गार झाली. पाइप गप्प. शेवटी ती चपला न घालताच मागच्या अंगणातून पलीकडे गेली. किल्ली जिथे आईच्या वेळेपासून असायची तिथेच होती, जिरेनियमच्या कुंडीखाली. सात वर्षांत टेक्लाने ती जागा बदलली नव्हती. टेक्ला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेली होती, मान थोडी कलती, मांडीवर उसवलेला टॉवेल आणि बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान. कपड्यांच्या कारखान्यात दोघींनी जन्म काढला होता. टेक्ला कॉलर लावायची, बर्नाडीन बाह्या. अंगुस्तान काढायला गेली तर बोट थंड होतं आणि अंगुस्तान निघेना. बर्नाडीनने ते तसंच राहू दिलं आणि स्टशला हाक मारली.

बुधवारी टेक्लाचा मुलगा डॅरिल आला. कॅरोलायनाहून रात्रभर गाडी हाकून, डोळे तांबडे करून. तो आईच्या दारात गेला नाही, आधी मावशीच्या दारात आला. उंबऱ्यावर तसाच उभा राहिला, आत ये म्हणेल की नाही याचा अंदाज घेत.

"असा पाहुण्यासारखा काय उभा राहतोस?" बर्नाडीन म्हणाली. "बस. अंडं तळते."

त्याने दोन अंडी खाल्ली, वर पावाने ताटली पुसून घेतली. लहानपणीही अशीच पुसायचा. मग म्हणाला, "शनिवारी सकाळी चर्चमध्ये. फादरशी बोललोय. तिथून गाडी..." तो थांबला. "मावशी, गाडी घरावरून न्यायची ना? म्हणजे तुला चालणार असेल तर."

"हे काय विचारणं झालं?"

"नाही, तुमचं दोघींचं असं..."

"आईची नेली. बाबांची नेली. एमिलची नेली. कोल स्ट्रीटवरच्या माणसाची गाडी घरापुढे थांबल्याशिवाय टेकडीवर कधी गेली आहे का?"

आमच्याकडे असंच असतं. गेलेल्या माणसाला दफनाला नेताना गाडी त्याच्या घरापुढे क्षणभर थांबते. कुणी उतरत नाही, कुणी बोलत नाही. घराला माणूस दिसावा आणि माणसाला घर, एवढंच. नवऱ्याच्या, एमिलच्या वेळी टेक्लाने गाडीतल्या गाडीत बर्नाडीनचं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. तेव्हा बोलत होत्या.

डॅरिल झोपायला गेला तशी बर्नाडीन रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेली, गाडीतून घर कसं दिसेल ते बघायला. कित्येक वर्षांत तिने आपलं घर समोरून बघितलं नव्हतं. येणं-जाणं मागच्या गल्लीने. आता बघितलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

खिडक्यांच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकच्या झडपा होत्या. या झडपा मिटत नाहीत, उघडत नाहीत, नुसत्या भिंतीला ठोकलेल्या असतात, शोभेला. एमिल आणि टेक्लाचा नवरा मायरन या दोघा साडूंनी मिळून एका उन्हाळ्यात बसवल्या होत्या. गर्द हिरव्या. आई तेव्हा होती. ती म्हणाली होती, "मिटत नाहीत तर झडपा कसल्या रे? चष्म्याला काच नाही आणि दांड्या सोन्याच्या!" उन्हाने त्या हिरव्याचं पाणी पाणी झालं होतं. बर्नाडीनच्या अर्ध्यातल्या झडपा वाळल्या शेवाळासारख्या पांढुरक्या दिसत होत्या. हात लावला तर पिठी लागायची. आणि टेक्लाच्या अर्ध्यातल्या झडपा निळ्या.

वरच्या मजल्यावर, बरोबर मध्यावर, दोघींच्या शेवटच्या खिडक्यांच्या मधे भिंतीचा अरुंद पट्टा होता. तिथे दोन झडपा मावेनात, म्हणून एमिलने एकच बसवली होती. दोन खिडक्यांत एक. ती झडप अर्धी निळी होती, अर्धी पांढुरकी. मधोमध उभी रेघ, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ. गल्लीतले लोक तिला 'सरहद्द' म्हणायचे. पोस्टमन म्हणायचा, पासपोर्ट दाखवून पलीकडे जावं लागतं.

सात वर्षांपूर्वी त्या रेघेवरूनच सगळं झालं होतं. एमिल त्याच वसंतात गेला होता. टेक्लाच्या नातीच्या शाळेचा निरोपसमारंभ होता, लोक जमणार होते. टेक्ला म्हणाली, "झडपा अगदीच गेल्यात. सगळ्याच रंगवून घेऊ या का?" बर्नाडीन म्हणाली, "एमिलचा हात लागलाय त्यांना. या घराला आता ब्रश लागणार नाही." टेक्ला गप्प बसली. पुढे बर्नाडीन पंधरा दिवस मुलीकडे अॅलनटाऊनला राहून आली, तर अर्धं घर निळं. आणि मधल्या झडपेवर ती रेघ.

बर्नाडीन रस्त्यातच उभी राहून ओरडली होती, "माझ्या नवऱ्यावरची माती वाळली नाही आणि तू रंग काढलेस? वर सरहद्द आखलीस? हे तुझं, हे माझं? राहा मग तिकडे! आता तुझं दार तुला, माझं मला."

टेक्ला पायरीवर उभी होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ती होतीच तशी. कारखान्यात दुसऱ्या पोरीची वाकडी कॉलर तिच्या माथी मारली तरी ती अशीच ओठ दाबून उभी राहायची. खरं काय ते समोरच्याला आपोआप कळायला हवं, आणि नाही कळलं तर तो त्याचा करंटेपणा, असा तिचा हिशेब. ती आत गेली. त्यानंतर होता तो फक्त नळाचा आवाज.

बर्नाडीन रस्त्याच्या कडेला उभी होती. शनिवारी गाडी इथेच थांबणार. आणि टेक्ला शेवटचं बघणार ते हे, एक डोळा निळा, एक डोळा मोतीबिंदूचा. नाही. घर एका तोंडाचं दिसलं पाहिजे. हिरवं आता होणे नाही. टेक्लाचं अर्धं डॅरिलचं, त्यावर आपला हक्क नाही. मग आपलंच निळं करायचं.

हे मनात आलं आणि तिला एमिल दिसला, शिडीवर, तोंडात प्लास्टिकच्या खुंट्या धरलेला, खाली बघून हसणारा. तिने तोंड फिरवलं आणि स्टशचं दार वाजवलं.

स्टश कोवॅल्चिक ऐंशीला टेकला होता. पण शिडीवर चढायचा तो बायकोला न सांगता चढायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं.

"सात वर्षं मी म्हणत होतो, बर्नी, काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही."

"गोठलेलं असलं की तुटतं," ती म्हणाली. "शिडी आण."

गुरुवारी ऊन चांगलं पडलं. स्टशने पान्याने एकेक खुंटी उपसली आणि झडपा खाली दिल्या. पहिली झडप हातात घेतली आणि बर्नाडीनने सहज उलटी केली. भिंतीकडची बाजू. गांधीलमाशीचं वाळलेलं पोळं चिकटलेलं होतं, कोळ्याची जाळी होती, आणि त्यांच्याखाली हिरवा. गर्द, ओला वाटावा असा हिरवा, पाइनच्या झाडासारखा. दुकानातून आणला त्या दिवशीचा. त्या बाजूला ऊन कधी गेलंच नव्हतं.

ती तशीच बसली पायरीवर, झडप मांडीवर घेऊन.

"काय झालं? चावली का माशी?" स्टशने वरून विचारलं.

"माशी मेलेली आहे. तू खाली बघू नकोस, पडशील."

तिने ती झडप साबणाने धुतली, फक्त पुढची बाजू. पाठ ओल्या फडक्याने हलकेच पुसली. पाठीला रंग लावायचाच नसतो, दिसत नाही ती बाजू. मग एमिलला तिथे राहू दे, भिंतीकडे तोंड करून. त्याला नाही तरी गर्दीत उभं राहायला आवडायचं नाही. असं मनाशी म्हटल्यावर तिला ब्रश उचलता आला.

रंगाचा डबा डॅरिलने आईच्या तळघरातून शोधून दिला. टेक्लाचीच शिस्त, झाकण ठोकून गच्च लावलेलं आणि झाकणावर रंगाचं एक बोट, आत काय आहे ते कळावं म्हणून. बर्नाडीनने ढवळला, दोन झडपा रंगवल्या. उन्हात तासाभरात वाळल्या. स्टशने एक वर नेऊन लावली आणि दोघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

"हे काय गं?" स्टश म्हणाला.

नवी झडप पोलिसाच्या गणवेशासारखी निळी भडक दिसत होती. शेजारी टेक्लाच्या झडपा फिकट, धुवून धुवून विटलेल्या कामाच्या शर्टासारख्या.

"डबा तोच," बर्नाडीन म्हणाली. "रंग तोच."

"रंग तोच. पण तिच्या रंगाने सात उन्हाळे खाल्लेत. तुझा आज तळघरातून वर आला."

आता घराला तीन रंग झाले होते. निळा, विटका निळा आणि गेलेला हिरवा. समोरच्या घरातली म्हातारी मिसेस डुर्को पडदा बाजूला करून बघत होती. बर्नाडीनने तिच्याकडे हात हलवला. पडदा पडला.

"दुकानात जाऊन जुळवून आणतात ना रंग?" डॅरिल म्हणाला. "एक झडप घेऊन जातो मी."

"मशीन जुळवेल रंग," बर्नाडीन म्हणाली. "ऊन कुठून जुळवेल?"

तिच्या जिन्याखाली स्वयंपाकघराच्या छताचा पांढरा उरला होता. तिने जुन्या पातेल्यात टेक्लाचा निळा ओतला आणि त्यात चमच्या चमच्याने पांढरा घालायला सुरुवात केली, जसं आई बिटाच्या सुपात साय घालायची. थोडा घालायचा, ढवळायचा, काडीला लावून टेक्लाच्या झडपेजवळ धरायचा. अजून नाही. अजून थोडा. प्रत्येक चमच्याला निळा एकेक वर्ष म्हातारा होत होता. एका चमच्यात टेक्लाच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेलं. दिवे लागलेले दिसले नव्हते तो आठवडा. एका चमच्यात मायरन गेला. बर्नाडीन चर्चमध्ये सर्वांत मागच्या बाकावर बसली होती आणि हात न मिळवताच निघून आली होती. एका चमच्यात ती मोठी हिमवृष्टी, जेव्हा सकाळी उठून बघते तर तिच्या पायऱ्या झाडलेल्या होत्या आणि तिने ठरवून टाकलं होतं की स्टशनेच झाडल्या असणार.

तिन्हीसांजेला काडीवरचा रंग आणि झडपेवरचा रंग एक झाला. तिने दिवा लागायच्या आत सगळ्या झडपा रंगवून मागच्या ओसरीत टेकून ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी बघते तर रंग वाळून एक छटा गडद झालेला.

ती कपाळाला हात लावून उभी राहिली. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं की ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. एमिल तर डाग लावून रात्रभर ठेवायचा, मगच ब्रश उचलायचा. पण तिला घाई झाली होती, आणि घाई सात वर्षं उशिरा झाली होती. पांढरा संपला होता. डॅरिल 'आणतो' म्हणाला, ती नको म्हणाली. हात दुखत होते. स्टशने झडपा वर लावल्या आणि पुन्हा दोघं रस्त्यापलीकडे गेले.

स्टशने डोळे बारीक करून एकेक झडप बघितली.

"बहिणी दिसतात," शेवटी स्टश म्हणाला. "जुळ्या नाही म्हणणार कुणी. पण बहिणी दिसतात."

बर्नाडीनला हसू आलं आणि त्या हसण्याच्या पोटातूनच रडू आलं. तिने नाक पुसलं. "मधली राहिलीय," ती म्हणाली. "ती काढ."

मधली झडप स्टशने खाली आणली. बर्नाडीनने ती ओसरीतल्या टेबलावर आडवी ठेवली. आपली अर्धी बाजू तेवढी निळी करायची की काम संपलं. तिने चष्मा चढवला, फडकं भिजवलं आणि रेघेपासून पुसायला सुरुवात केली. आणि तिचा हात थांबला.

लांबून ती रेघ रस्त्याच्या पट्ट्यासारखी दिसायची. जवळून बघितलं तर झडपेला आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत खाच, आणि रेघ प्रत्येक पट्टीवरून चढून खाचेत उतरून पुन्हा वर आलेली. एक सलग चिकटपट्टी लावून हे होत नाही. खाचेत रंग झिरपतो. इथे प्रत्येक पट्टीला वेगळा तुकडा कापून, खाचेत नखाने दाबून बसवलेला होता. चिकटपट्टीच्या डिंकाचे मळके ठसे अजून होते, आणि ते सगळे हिरव्या बाजूला होते. त्या बाजूला निळ्याचा एक थेंब नव्हता. एक शिंतोडा नव्हता. टेक्लाच्या स्वतःच्या बाजूला ब्रशचे ओघळ होते, एका जागी केस चिकटलेला होता. तिथे तिने फिकीर केली नव्हती. सगळी काळजी पलीकडच्या अर्ध्याची.

कॉलर लावताना टेक्ला असंच करायची. आपल्याकडचा शिवणीचा भाग कसाही असो, दिसणारी कड सुरेख.

"स्टश," ती म्हणाली. "हे करताना ती झडप खाली काढली होती का तिने?"

"कुठली खाली? वरच, शिडीवर. सदुसष्टाव्या वर्षी."

"तुला काय माहीत?"

"शिडी मी धरली होती ना." स्टश पायरीवर बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला, जी सुटलेली नव्हती. "अख्खी दुपार गेली. मी खालून म्हणत होतो, फास की बाई सगळीच, एवढ्या वर कोण बघतंय! तर म्हणाली, अर्धी एमिलची आहे. बर्नी हो म्हणेपर्यंत तिच्या अर्ध्याला ब्रश लागणार नाही. एक थेंब उडाला होता हिरव्यावर, तर फडकं थुंकीने ओलं करून पुसला. मग तोंडात चिकटपट्टीचे तुकडे धरले म्हणून बोलता आलं नाही, नाही तर मला शिव्या घातल्या असत्या, शिडी हलते म्हणून."

बर्नाडीनने फडकं टेबलावर ठेवलं.

"आणि हे तू मला सात वर्षांत सांगितलं नाहीस?"

"आलो होतो सांगायला. त्याच संध्याकाळी. टेक्लाचं नाव काढलं आणि तू दार तोंडावर लावलंस. माझं नाक बघ, अजून चपटं आहे." तो हसला नाही. "मग तिला म्हटलं, तूच सांग. तर म्हणाली, तिला डोळे आहेत. मग मी सोडून दिलं. दोघी बहिणींच्या मधे उभा राहणारा दोन्हीकडून मार खातो, बर्नी. मला वाटलं, आज ना उद्या एकीला तरी साखर मागायची वेळ येईल."

तिला डोळे आहेत. होते. एवढंच की रस्त्यातून बघितलं होतं, खालून, रागाने. आपण जिला सरहद्द म्हणालो ती रेघ टेक्लाने आपल्या एमिलचा हिरवा राखायला ओढली होती. आणि तो हिरवा राखलेला आहे हे आज कळलं, त्यावर ब्रश फिरवायला बसलो तेव्हा.

आता 'हो' म्हणता येत होतं. पण ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

डॅरिल दारात आला. "मावशी, जेवायला ये ना. मिसेस डुर्कोने नूडल आणि कोबी पाठवलाय, घमेलंभर. झालं का तुमचं?"

"तू हो पुढे," बर्नाडीन म्हणाली. "आणि माझ्या सिंकखाली अळशीच्या तेलाची बाटली आहे, ती दे आणून. मऊ फडकं पण आण."

तिने आपल्या अर्ध्यावरची पिठी धुतली. दोनदा धुतली. वाळल्यावर बोटाला फडकं गुंडाळून त्यावर तेल घेतलं आणि चोळू लागली, पट्टी पट्टीने, खाच खाचेने, रेघेच्या कडेपर्यंत आणि रेघेच्या पलीकडे एक केसही नाही. एमिल मोटारीच्या प्लास्टिकला असंच चोळायचा. तेल लागलं तसा पांढुरकेपणा मागे सरला आणि आतून हिरवा वर आला. पाठीकडच्याइतका नाही. पण हिरवा. पाऊस पडून गेल्यावरचा हिरवा.

"महिनाभर टिकेल फार तर," स्टश म्हणाला. "थंडी आली की पुन्हा पांढरा."

"मग पुन्हा चोळीन."

"शिडीवर चढून? तू?"

"सदुसष्टाव्या वर्षी ती चढली. मी बहात्तराव्या वर्षी चढेन. तू धर शिडी. आणि हलवू नकोस."

शनिवारी चर्चमध्ये घंटा झाल्या, धूप झाला, बायकांनी 'अनंत स्मृती' हे निरोपाचं स्तोत्र चर्चच्या जुन्या भाषेत गायलं. बर्नाडीन पहिल्या बाकावर होती. ती शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होती. शवपेटी बंद करण्याआधी तिने टेक्लाचा हात बघितला. अंगुस्तान कुणीतरी काढलं होतं. तिथे बोटाला एक पांढरं कडं पडलेलं होतं, ऊन न लागलेल्या कातडीचं.

गाड्या निघाल्या. पुढे टेक्लाची, मागे डॅरिलची. बर्नाडीन त्याच्या शेजारी बसली होती. दवाखान्याचा कोपरा, बंद पडलेला कपड्यांचा कारखाना, कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यावर उगवलेली बर्चची झाडं. मग कोल स्ट्रीट. पुढची गाडी हळू झाली आणि घरापुढे थांबली.

कुणी उतरलं नाही. पायरीवर स्टश टोपी काढून उभा होता. सकाळच्या उन्हात दोन्ही अर्ध्यांवर निळा होता, डावीकडे थोडा गडद, उजवीकडे थोडा विटका. आणि वर, मधोमध, एक झडप अर्धी निळी, अर्धी हिरवी, ताज्या तेलाने चमकणारी. मधली रेघ जशीच्या तशी.

बर्नाडीनने आपलं कोपर उगाच स्वतःच्या हाताने धरलं. या क्षणी त्या जागी एक हात असायचा.

डॅरिल काचेतून वर बघत होता. त्याच्या लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "मावशी, ती एक राहून गेली वाटतं. घाईत. असू दे, मी उद्या करून टाकतो जायच्या आधी."

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "नाही रे राजा. राहून नाही गेली. ती तुझ्या आईनेच पुरी करून ठेवलीय."

पुढची गाडी हलली, आणि डॅरिलने गिअर टाकला.